गोरज मुहूर्त, फ्लेमिंगो आणि सेन्सरचं माप

गोरज मुहूर्तावरचं लग्न. अंतरपाट दूर होतो, नवरी हार उचलते आणि कार्यालयात उजेड जेमतेम. फ्लॅश मारला तर संध्याकाळचा सगळा रंग उडून जातो. कॅमेऱ्याचा फॉरमॅट, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, सेन्सरचं माप, अशा वेळी खरंच कामाला येतं.

फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. हे माप आलं सिनेमाच्या फिल्मवरून. ऑस्कर बार्नाकने 35 मिमी फिल्मवरच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली आणि 1925 मध्ये लायका बाजारात आल्यावर ते रूढ होत गेलं. आपला क्रॉप सेन्सर, म्हणजे एपीएस-सी, साधारण 23.5 बाय 15.6 चा. मायक्रो फोर थर्ड्स 17.3 बाय 13 चा, फुल फ्रेमच्या जेमतेम चौथा हिस्सा.

प्रकाशाचे कण, फोटॉन, पावसाच्या थेंबांसारखे पडतात: कुठे जास्त, कुठे कमी. सरासरी 100 पडत असतील तर चढउतार 10 चा, म्हणजे 10 टक्के. 400 पडले तर 20 चा, म्हणजे फक्त 5 टक्के. फोटोतली रवाळ नॉइज मुख्यतः हीच. त्यामुळे अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ/ आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटरचा वेळ तोच ठेवून तीच फ्रेम घेतली, तर चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर चौपट फोटॉन गोळा करतो आणि नॉइज निम्म्यावर येते.

पण याची किंमत मोजावी लागते, आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. फुल फ्रेमवर एफ/1.8 ला नवरीचे डोळे लखलखीत येतात, मागे उभा असलेला मामा मात्र धूसर. दोघंही स्पष्ट हवेत म्हणून एफ/5.6 वर गेलात, की प्रकाश घटला. मायक्रो फोर थर्ड्सवर तेवढंच अंतर एफ/2.8 ला स्पष्ट मिळतं, आणि नॉइजही जवळपास तितकीच. म्हणजे ग्रुप फोटोत मोठ्या सेन्सरचा फायदा बहुतेक संपतोच.

भिगवणला फ्लेमिंगो टिपणाऱ्यांचं गणित निराळं. क्रॉप सेन्सर पक्षी जवळ आणत नाही. तो फक्त मधला भाग कापून देतो. 45 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम फोटो तेवढाच कापला तर जवळपास 20 मेगापिक्सेल उरतात. मग 20 मेगापिक्सेलची क्रॉप बॉडी तोच पक्षी तेवढ्याच तपशिलात देते, आणि पुष्कळ स्वस्तात. वाचलेले पैसे लांब लेन्समध्ये घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

मीडियम फॉरमॅटचं आकर्षण मोठं, पण 44 बाय 33 चा सेन्सर फुल फ्रेमच्या पावणेदोनपटही भरत नाही. प्रकाशात एक स्टॉपसुद्धा, म्हणजे दुप्पट प्रकाश, पुरता मिळत नाही. दागिन्यांच्या जाहिरातीत, ट्रायपॉड आणि स्टुडिओ फ्लॅशसोबत, त्याचा तपशील सुरेख उतरतो. पण एवढ्या सेन्सरवरची माहिती वाचायला सहसा वेळ लागतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे यांत्रिक पडदा न वापरता फोटो घेतला तर, हलती माणसं वाकडी येऊ शकतात. लग्नासाठी तो भाड्याने आणायचाच असेल, तर जोडप्याच्या पोर्ट्रेटपुरताच आणावा.