सिक्वेन्सरला कोडिंग लागत नाही

मॉड्युलर सिंथचा (सुटी मॉड्युल्स तारांनी जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) स्टेप सिक्वेन्सर, म्हणजे लावलेले सूर एकामागून एक वाजवणारं सर्किट, घरी बनवायचा तर आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) आणि कोडिंग हवंच, असं पोरं एकमेकांना सांगत आली आहेत. साफ चूक! दारव्हा-दिग्रसकडे दुर्गोत्सवाच्या मांडवावर दिवे पळवायला वापरतात तसली ४०१७ आयसी इथे पुरते. ५५५ टायमरच्या प्रत्येक ठोक्याला तिचं पुढचं आउटपुट हाय होतं, म्हणजे तिथे व्होल्टेज येतं. तिथे दिव्याऐवजी पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा रेझिस्टर) लावा. पॉटच्या मधल्या पायापासून एकेक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने सोडतो; नाहीतर बाकीचे पॉट व्होल्टेज खाली ओढतात), सगळे एकत्र, तिथून रेझिस्टर ग्राउंडला आणि तिथूनच व्होल्टेज सिंथला. आठच स्टेप हव्यात तर नववं आउटपुट रीसेटला, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कटकट आहे ती सुरांची. सिंथमध्ये सूर व्होल्टेजवर ठरतो: सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे बारापैकी एका स्वराला जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. त्यात डायोडचा ड्रॉप (त्यात घटणारं व्होल्टेज) तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट सरकतो. सकाळी लावलेला सूर मे महिन्यातल्या दुपारी पुन्हा लावावा लागतो.