गोळी मागण्याआधी पंजा बघा
लंगडणाऱ्या कुत्र्याच्या मालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात दिवसाआड तरी कुणीतरी येऊन म्हणतं, "कुत्रं कालपासनं पाय टेकवना झालंय, दुखण्याची एखादी गोळी द्या." पशुवैद्यांची चिठ्ठी असल्याशिवाय ती गोळी आम्ही देत नाही. काही जण चिडून समोरच्या मेडिकलमध्ये जातात आणि तिथून माणसाची गोळी घेतात. ती का देऊ नये ते पुढे सांगितलं आहे. पण आमचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: पंजा उलटा करून बघितला का? दहातले सात-आठ जण मान हलवतात आणि म्हणतात, "वरून तर काहीच दिसत नाही."

वरून दिसत नसतंच. कुत्रं बोटांवर चालतं, त्यामुळे सगळा भार बोटांखालच्या गाद्यांवर आणि मधल्या मोठ्या गादीवर येतो. दुखणं तिथं किंवा दोन बोटांच्या बेचक्यात असतं आणि केसांखाली झाकलेलं असतं.

पाय कोणता, ते आधी ठरवा

सपाट जागेवर कुत्र्याला पट्ट्यानं हळू चालवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी समोरून बघायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकला की खाली येतं. मागचा असेल तर त्या बाजूचं पुठ्ठं चालताना जास्त वर उडतं. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर गेलं की भीतीनं कुत्रं लंगडणं विसरतं आणि डॉक्टर म्हणतात, "चांगलं तर चालतंय की."

आता पंजा. घरातलं कितीही लाडकं असलं तरी दुखऱ्या जागी हात लागला की ते चावतं, यात त्याचा दोष नाही. एकानं डोकं धरावं, दुसऱ्यानं बघावं. फार कावत असेल तर मळणीत बैलाला बांधायचं तसं मुसकं बांधा: रुंद पट्टीचा फास नाकावर, गाठ हनुवटीखाली, दोन्ही टोकं कानामागे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला किंवा उलट्या करणाऱ्याला असं बांधू नका, आणि उन्हात तर दोन मिनिटांपेक्षा जास्त मुळीच नको, कारण कुत्र्याची उष्णता तोंडावाटेच बाहेर पडते. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. "आपल्याच कुत्र्याला लस दिलेली आहे" म्हणून घरी बसू नका.

सुरुवात चांगल्या पंजापासून करा. कुत्र्याला सवय होते, आणि तुम्हालाही चांगला पंजा कसा लागतो ते कळतं. मग दुखरा घ्या. एकेक बोट वेगळं करून बेचका बघा, गादी दाबा, नख हलवून बघा. आतल्या बाजूला वर असलेलं अंगठ्याचं नख बहुतेक जण विसरतात. ते जमिनीवर घासत नाही, म्हणून वाढत वाढत गोल वळतं आणि परत कातडीत घुसतं. शेवटी वास घ्या. पू झालेला पंजा दिसण्याआधी वासावरून कळतो.

आपल्याकडे पायात काय सापडतं

सगळ्यात जास्त काटाच. बाभळीचा, वेड्या बाभळीचा, बोरीचा. काटा दिसत असेल तर चिमट्यानं धरून ज्या दिशेनं शिरला त्याच रेषेत सरळ ओढा, वाकडा ओढला की मोडतो. पण मराठवाड्यात काटा काढता येत नाही असा माणूस सापडणार नाही. खरी अडचण आहे सलाची. "काटा तर कालच काढला" असं सांगणारा गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येतो, कारण टोक आत राहिलेलं असतं आणि त्याभोवती पू धरलेला असतो. सुईनं कोरत बसू नका. कोमट मिठाच्या पाण्यात पंजा दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बुडवा. दोन दिवसांत सल वर आला नाही तर डॉक्टरांकडे जा.

सराटा पायात भरला तर कुत्रं तिथंच थांबून चावायला लागतं, म्हणून तो लगेच सापडतो. कुसळाचं मात्र तसं नाही. पावसाळा संपता संपता माळावर फिरणाऱ्याच्या पायमोज्यात कुसळं कशी पुढं पुढंच सरकतात, मागे येतच नाहीत, ते तुम्ही बघितलंच असेल. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यातही तेच होतं. तिथं गाठ येते, फुटते, पाणी गळतं, सुकते आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा येते. अशी परतणारी गाठ म्हणजे आत काहीतरी आहे असं समजा. मलमानं ती बरी होत नाही, कुसळ काढावंच लागतं.

शेतावर राहणाऱ्या कुत्र्यांचं आणखी एक दुखणं म्हणजे धसकट. सोयाबीन कापल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि तूर काढल्यावर जानेवारीत शेतात जे टोकदार बुडखे उरतात, त्यावरून कुत्रं पळालं की गादी आरपार फाटते. लातूर जिल्ह्यात जानवळचं नाव निघालं की कारवानी आणि पश्मी कुत्री आठवतात. ही लांब पायाची, पळायला लागली की मागे न बघणारी जात. यांच्या मालकांनी कापणीनंतरचे दोन-तीन आठवडे कुत्रं रानात मोकळं सोडू नये, असं आमचं मत आहे. धसकटाचा मोठा तुकडा खोल रुतून बसला असेल तर घरी उपटू नका. तो बाहेर येताच रक्ताची धार लागू शकते. तसाच कापडानं गुंडाळून दवाखान्यात न्या.

शहरात हाच त्रास काच, ब्लेड आणि बांधकामाच्या तारेनं होतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, आणि हवा ४० अंश असली तर डांबर ६० च्या घरात गेलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही चालववत नाही. सकाळी लवकर किंवा रात्री जेवणानंतर फिरवा. संध्याकाळी सहाला ऊन उतरलं तरी रस्ता तापलेलाच असतो. गादी भाजली तर साध्या गार पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं धरा. बर्फ नको, आणि सुटलेली साल ओढून काढू नका. डांबर चिकटलं असेल तर खायचं तेल चोळून मऊ करा, मग साबणानं धुवा. रॉकेल आणि पेट्रोलनं डांबर निघतं हे खरं, पण कातडीही निघते, आणि उरलेलं कुत्रं चाटतं.

काळ्या मातीचा चिखल वाळला की बोटांमध्ये खड्यासारखा घट्ट होतो. पॉमेरेनियन, गोल्डन रिट्रीव्हर अशा केसाळ कुत्र्यांत हे फार होतं. बेचक्यातले केस कमी ठेवा आणि पावसाळ्यात पाय धुतल्यावर पुसून कोरडे करा. नुसते धुऊन ओले ठेवले तर बुरशी येते. कुत्रं एकसारखा पंजा चाटतंय, केस तांबूस झालेत, पण जखम नाही, असं असेल तर ती ॲलर्जी किंवा बुरशी असू शकते. ते काम दुकानदाराचं नाही.

बोटांच्या बेचक्यात दाणे लागले तर नीट बघा, ते गोचीड असतात. चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून हळूहळू ओढा. हातानं चिरडू नका, काडीनं चटका देऊ नका. गाई-म्हशींवर फवारायचं गोचीडनाशक "उरलंय म्हणून" कुत्र्याला लावणारे दर पावसाळ्यात भेटतात. त्यातलं प्रमाण चुकलं तर कुत्रं झटके येऊन मरू शकतं. कुत्र्यासाठीचं औषध वजनावर वेगळं मिळतं, तेच न्या. आणि एक लक्षात ठेवा: आज पुढचा पाय, परवा मागचा, सोबत ताप, खाणं बंद, हिरड्या फिक्या किंवा नाकातून रक्त, असं असेल तर दुखणं पंजात नसून गोचीडतापाचं असू शकतं. रक्त तपासल्याशिवाय ते कळत नाही.

धुणं आणि पट्टी

अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात लहान चमचाभर मीठ. एवढ्यात साधी जखम धुतली जाते. नंतर पोव्हिडोन आयोडिन पाण्यात इतकं पातळ करा की रंग बिनदुधाच्या चहासारखा दिसेल. डेटॉल, फिनाइल, चुना, चुलीतली राख यांतलं काही नको. हळदीवर आमचं वैर नाही, पण हळद भरलेली जखम वाळून वरून बंद दिसते आणि आत पू साठतो. झिंक ऑक्साइडचं पांढरं मलमही नको, कारण कुत्रं ते चाटून खातं आणि ते पोटात विषारी ठरतं.

नख मुळातून तुटलं तर रक्त बघून घाबरायला होतं. स्वच्छ कापडानं पाच-दहा मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून बघू नका. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावलं तरी चालतं.

पट्टीबद्दल आम्ही थोडं जास्त बोलतो, त्याला कारण आहे. एकदा एका गिऱ्हाईकाला आम्ही चिकटपट्टी विकली आणि कशी बांधायची ते सांगितलं नाही. त्यानं बिचाऱ्यानं निघू नये म्हणून आवळून बांधली. तिसऱ्या दिवशी बोटं सुजून गार पडलेली होती. नशिबानं पाय वाचला. तेव्हापासून पट्टी देताना आम्ही गल्ल्यावरच बांधून दाखवतो. बोटांच्या बेचक्यांत थोडा थोडा कापूस घाला, बोटांकडून वर गुंडाळत या, मधल्या दोन बोटांची नखं उघडी ठेवा, आणि पट्टीखाली आपलं एक बोट सहज जाईल एवढी सैल ठेवा. सकाळ-संध्याकाळ नखांजवळ हात लावून बघा. गार लागली, सुजली, किंवा कुत्रं पट्टी चावत सुटलं, तर लगेच सोडा. दोरी किंवा रबर बँड कधीच नको. बाहेर नेताना पॉलिथिनची पिशवी चढवा, घरात आल्यावर काढा. पट्टी ओली झाली तर बदलायची, नाहीतर रोज एकदा.

जखम चाटू देऊ नका. "जिभेत औषध असतं" असं म्हणतात, पण जिभेत जंतूही असतात आणि टाकेही जिभेनंच सुटतात. गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर आमच्याकडे आहे.

गोळी का देत नाही

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या माणसाच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉलनं यकृत बिघडतं. आपल्याला अर्धी गोळी किरकोळ वाटते, पण सात किलोच्या कुत्र्याला तीच जास्त होते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक भारतात २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक २०२३ पासून. ही बंदी गिधाडांसाठी आली: औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडांनी खाल्लं की गिधाडंही मरत. त्यामुळे "बैलाला दिलेलं इंजेक्शन उरलंय" असं कुणी सांगितलं तर आम्ही आधी त्याची तारीख विचारतो.

डॉक्टर कुत्र्याला बहुतेक वेळा मेलोक्सिकॅम लिहून देतात. तेही वजनावर, दिवसातून एकदा, खाणं झाल्यावर. स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. उलटी झाली किंवा शी काळी दिसली तर गोळी थांबवून फोन करा. गोळीचा आणखी एक तोटा असतो: दुखणं दबतं, कुत्रं पळायला लागतं आणि जखम वाढते.

पंजा स्वच्छ निघाला तर

मग वर बघा. पळता पळता अचानक मागचा पाय उचलला, आणि आता नुसती बोटं टेकवून उभं राहतंय, बसताना पाय बाजूला टाकतंय, तर गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला असू शकतो. लहान पॉमेरेनियन चार पावलं नीट चालून एक उडी मारतं आणि परत नीट चालतं, तेव्हा गुडघ्याची वाटी सरकत असते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुबा वंशपरंपरेनं कच्चा असू शकतो. वजन जास्त असेल तर या सगळ्यात भर पडते, आणि आपल्याकडची बरीच लॅब्रेडॉर लाडानं भाकरी-तूप खाऊन जाड झालेली आहेत, हे आम्ही खाद्य विकणारेच सांगतोय.

किरकोळ मुरगळ असेल तर दोन दिवस पूर्ण आराम: पट्ट्यानं फक्त लघवी-शीपुरतं बाहेर, जिन्यावर नाही, गच्चीवर नाही.

वाट बघू नका

पाय मुळीच टेकवत नाही, वाकडा दिसतोय, हाड दिसतंय, दाबूनही रक्त थांबत नाही, तर त्याच दिवशी न्या. पंजा तासाभरात फुगत चालला तर घोणस किंवा दुसऱ्या सापाचा दंश असू शकतो. चिरा देणं, आवळपट्टी बांधणं यात वेळ घालवू नका. जखमेत अळ्या दिसल्या तर रॉकेल ओतू नका, दवाखान्यात त्या काढून जखम धुतात. आणि लंगडण्यासोबत मागचा भाग लुळा पडतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, विशेषतः लस झालेली नसेल तर, तोंडात हात घालून "घशात हाड अडकलंय का" हे बघू नका. पिसाळण्याचा एक प्रकार असाही असतो. कुत्रं खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रीही बघतात. एक्स-रे किंवा शस्त्रक्रिया लागली तर आपल्या भागात परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाण्याआधी फोन करा, आणि लसीचं कार्ड, आधीच्या चिठ्ठ्या, तो व्हिडिओ सोबत घ्या.

कुत्र्याचं वजन माहीत नसेल तर आमच्याकडे मोठा काटा आहे, वजन करून घ्यायला पैसे नाहीत. मोठं कुत्रं उभं राहत नसेल तर आधी तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. उन्हाळ्यात दुपारी मात्र आणू नका, दुकानासमोरचा रस्ता डांबरीच आहे.