मुरघासाचे कल्चर: आंबवणारे वेगळे, टिकवणारे वेगळे

मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा, कसा करावा हे येथे पुन्हा सांगत नाही. चिकावर आलेला मका, बारीक कुट्टी, खच्चून दाबणे आणि हवाबंद झाकणे हे गोपालकांना ठाऊक आहे. तक्रार आहे ती ‘कल्चर (चाऱ्यावर मारायची जिवाणूंची पावडर) मारले, आता मुरघास तापणार नाही’ या समजुतीबद्दल, कारण कल्चर या एकाच नावाखाली दोन भिन्न स्वभावांचे जिवाणू विकले जातात.

लॅक्टोबॅसिलस प्लांटारम चाऱ्यातील साखरेपासून मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवतो आणि सामू (पीएच; तो जितका कमी तितका चारा आंबट) झपाट्याने चारच्या आसपास आणतो. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी सावकाश काम करतो आणि त्या लॅक्टिक आम्लाचाच काही भाग अ‍ॅसेटिक आम्लात बदलतो.

घोटाळा होतो तो खड्डा उघडल्यानंतर. आत हवा शिरताच दबून राहिलेले यीस्ट वाढू लागते आणि लॅक्टिक आम्लावरच जगते. त्यामुळे सामू चढतो, मुरघास गरम होतो आणि मागोमाग बुरशी धरते. या यीस्टला आवर घालते ते प्रामुख्याने अ‍ॅसेटिक आम्ल, आणि प्लांटारम ते फारसे बनवत नाही. म्हणूनच प्लांटारम मारलेला, छान आंबलेला मक्याचा मुरघास कधी कधी काहीच न मारलेल्या मुरघासापेक्षाही लवकर तापतो. अशा वेळी कल्चर बनावट होते असे म्हणणे अन्यायाचे आहे. मुरघास तापू न देणे हे त्याचे काम नव्हतेच.

मक्यात साखर भरपूर असल्याने तो बहुधा आपसूक नीट आंबतो, त्यामुळे गुळाचे पाणी शिंपडण्याचा सोसही मला अनाठायी वाटतो. मोठा खड्डा, थोडी जनावरे आणि उन्हाळा असेल, तर मक्याला मी निःशंकपणे बुकनेरीच सुचवीन. मात्र त्याचा परिणाम दिसायला ४५ ते ६० दिवस लागतात, तिसऱ्या आठवड्यात खड्डा उघडणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत. एका दिवसात संपणाऱ्या छोट्या बॅगांनाही त्याची गरज नाही. लसूणघासात साखर कमी असते आणि त्याचा सामू सहजी उतरत नाही, तेथे प्लांटारमच हवा.

पाकिटावर जिवाणूचे नाव आणि चाऱ्याच्या ग्रॅममागे पडणारी मात्रा छापलेली नसेल, तर ते घेऊ नये. मक्यासाठी बुकनेरीची मात्रा साधारण ४ लाख, तर प्लांटारमची १ लाख जिवंत जिवाणू इतकी धरतात. ही पावडर क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्यात कालवू नये, त्याने जिवाणू मरतात.