लांब पल्ल्याची नेमबाजी : कॅलिबर आणि बॅरलची निवड

कॅलिबर म्हणजे रायफलीच्या बॅरलचा, पर्यायाने त्यातून जाणाऱ्या गोळीचा व्यास. तो इंचात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजीत मात्र नुसत्या व्यासावरून फार कळत नाही. .३०८ विंचेस्टर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या दोन्हींची गोळी ७.८२ मिमीचीच, पण दुसऱ्याच्या काडतुसात दारू कितीतरी जास्त, त्यामुळे वेग, धक्का आणि बॅरलची झीज सगळेच वेगळे. म्हणून आधी अंतर, मग गोळी, मग ती गोळी पेलणारे बॅरल, असा क्रम लावावा. बहुतेक नवखे तो उलटा लावतात.

गोळीचा खरा विरोधक हवा. लांबट, निमुळती आणि व्यासाच्या मानाने जड गोळी वेग टिकवून धरते व वाऱ्याने कमी ढळते. वेग ध्वनीच्या वेगाजवळ उतरला की गोळी डगमगू लागते आणि अचूकता ढासळते. १७५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचे एकक) .३०८ गोळी साधारण ७९० मी./से. वेगाने निघून ९०० ते १,००० मीटरच्या सुमारास या टप्प्यात येते. २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर हे काडतूस कमी धक्क्यात त्याहून पुढे जाते, म्हणून आज अनेक स्पर्धक ते निवडतात. .३३८ लापुआ मॅग्नमचा पल्ला दीड किलोमीटरच्या घरात जातो, पण सरावासाठी ते महाग आणि दमवणारे आहे.

अचूकतेचा मोठा वाटा बॅरलचा असतो. आतल्या सर्पिल खाचा गोळीला फिरकी देतात. किती इंचांत एक वेढा पूर्ण होतो त्याला ट्विस्ट म्हणतात. गोळी जितकी लांब, तितका ट्विस्ट जलद हवा. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेले सूत्र अजूनही पहिल्या अंदाजाला पुरते : व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळे इंचात. सव्वा इंचाच्या .३०८ गोळीला यातून सुमारे साडेअकरा इंच येतात, म्हणून १० किंवा ११ इंचांचा ट्विस्ट घेतात, ६.५ क्रीडमूरला ८, ५० मीटरवर वापरल्या जाणाऱ्या छोट्या .२२ लाँग रायफल काडतुसाला १६.

लांबी वाढली की वेग वाढतो, .३०८ मध्ये इंचामागे साधारण ६ ते ९ मी./से. पण त्याच वेळी बॅरल लवचीकही होते. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे जाडी २० टक्के वाढवली तरी तो दुप्पट होतो. जाड बॅरल तापतेही सावकाश. म्हणून वजन पेलत असेल तर जाड, २४ ते २६ इंची आणि दस्त्याला कुठेही न टेकणारे बॅरल घ्यावे. तोंडाची कड निर्दोष हवी. तिथला बारीक ओरखडाही गोळीला शेवटच्या क्षणी एका बाजूला ढकलतो. बॅरल झिजतेही : .३०८ चे पाच हजारांच्या आसपास गोळ्या टिकते, ६.५ क्रीडमूरचे दोन ते तीन हजार, मोठ्या मॅग्नमचे त्याहून कमी.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या नेमबाजाचा रोजचा सराव १० मीटरच्या एअर रायफलवर चालतो. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेल भागात आहे. ५० मीटरसाठी वरळीची रेंज गाठावी लागते. त्यामुळे इथल्या खेळाडूने पहिला मोठा खर्च चांगल्या .२२ बॅरलवर करावा, हेच शहाणपणाचे. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिमीचे असते आणि ध्वनीपेक्षा संथ गोळीला वारा सहज हलवतो, म्हणून वारा वाचण्याची शिकवणी इथेच होते. स्वप्निल कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिसमधले कांस्यपदक याच अंतरावरचे. एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट, म्हणजे उत्पादनाच्या खेपा, एकाच बॅरलमधून वेगळा ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) देतात. ज्या लॉटचा ग्रुप घट्ट, त्याचाच साठा करतात.

कायद्याची चौकट निवड आणखी आवळते. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार ७.६२ मिमी (.३०८ विंचेस्टर हे त्याचेच नागरी रूप) व .३०३ ही सैनिकी कॅलिबरे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या कॅलिबरांत, मोडतात. .३०-०६ मध्ये .३०८ च्याच व्यासाची गोळी असूनही ते अप्रतिबंधित मानले जाते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही.

खाडीकाठची खारी, दमट हवा बॅरलची वैरी आहे. क्रोम-मॉली (क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले) पोलाद पावसाळ्यात लवकर गंजते. स्टेनलेस जास्त तग धरते, पण तेही निर्धास्त ठेवण्याजोगे नाही. सराव संपल्यावर बॅरल पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि पुढच्या वेळी कोरड्या फडक्याने ते तेल काढूनच नेम धरावा, कारण तेलकट बॅरलमधली पहिली गोळी बहुधा ग्रुपबाहेर जाते.