ग्वाल्हेरच्या अल्बमात बगदाद कुठून आलं?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या तिकीट-अल्बमात पहिलं पान शिंदे संस्थानाचं असणार, हे ओघानंच आलं. संस्थानानं टपाल खात्याशी करार केला आणि १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘ग्वालियर’ हे नाव इंग्रजीत आणि नागरीत छापलं जाऊ लागलं. हा सगळा राजीखुशीचा मामला; लष्करी ताब्याशी त्याचा संबंध नाही. पण नागरी अक्षरांची लांबी मोजायची, इंग्रजी ‘ओ’च्या जागी ‘सी’ पडलेलं तिकीट हुडकायचं, ही सवय इथंच लागते. अशा माणसाला ताब्यातल्या मुलखांची, म्हणजे परक्या फौजेनं घेतलेल्या मुलखात त्या फौजेनं काढलेली, तिकिटं भुरळ घालणारच.

त्यांची सुरुवात १८७० ची. प्रशियाच्या फौजांनी आल्सास-लोरेन घेतल्यावर जी तिकिटं काढली, त्यांवर राजाही नाही आणि देशाचं नावही नाही. नुसता आकडा, ‘पोस्ट’ हा शब्द आणि पार्श्वभूमीला बारीक जाळीची नक्षी. जाळीची टोकं वरच्या बाजूला असतात. खाली वळलेली मिळाली तर भाव चढतो.

आपल्याकडं आधी चीनच्या मोहिमेसाठी ‘सी.ई.एफ.’ (चायना एक्स्पिडिशनरी फोर्स) आणि १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात, ‘आय.ई.एफ.’ (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) ही अक्षरं हिंदी तिकिटांवर आली. याच महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या पुढाकारानं ‘लॉयल्टी’ हे इस्पितळ-जहाज उभं राहिलं, त्यामुळं ग्वाल्हेरला हा काळ परका नाही.

खरी गंमत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं आणि हाती लागलेल्या तुर्की तिकिटांवरच ‘बगदाद, ब्रिटिश ताब्यात’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं उठवली गेली. साठा तुटपुंजा, म्हणून आज किंमत अवाच्या सवा. तुर्कस्तानची १९१४ ची चित्रमय तिकिटं लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीनं छापली होती. युद्ध पेटलं तरी छपाईच्या प्लेटा तिथंच. मग १९१८ मध्ये त्याच प्लेटांवरून शत्रूचीच तिकिटं पुन्हा काढली आणि वर ‘इराक’ छापलं. किंमत मात्र आणे-रुपयांत, कारण फौज हिंदुस्थानातून गेलेली!

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, बर्मा इंडिपेंडन्स आर्मीनं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ब्रह्मी सैन्यानं, इरावदीच्या मुखाकडच्या गावांत तिकिटांवरच्या इंग्रज राजाच्या चेहऱ्यावर मोर छापला. मोर उठवायला ठसा आणि शाई पुरते, त्यामुळं बनावट माल उदंड. सुटं कोरं तिकीट तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय घेऊच नये. त्या काळचा, त्या गावचा टपालशिक्का असलेलं आणि खरोखर टपालातून गेलेलं पाकीट मिळालं, तर चार पैसे जास्त मोजलेले परवडतात. अर्थात शिक्केही खोटे असतात, तेही पारखून घ्यावे लागतात.