सुट्ट्या गोळ्यांचा हिशेब

सांगलीत विश्रामबागला विलिंग्डन आणि वालचंद ही दोन मोठी कॉलेजं. अशा भागातल्या मेडिकलमध्ये वेदनाशामक बहुधा नावाने मागितलं जात नाही. ‘डोकेदुखीच्या दोन द्या’, ‘पाळीची एक द्या’. दुकानदार स्ट्रिप कापतो. एक्सपायरी आणि बॅच नंबर उरलेल्या तुकड्यावर राहतात.

नाव न विचारता गोळी घेण्यात दोष एकट्या कॉलेजच्या पोरांचा नाही. 1940 च्या औषध कायद्याखाली 1945 चे नियम आले. त्यातल्या शेड्यूल एचमधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड ही वेदनाशामकं पुढे त्याच यादीत आली, पॅरासिटामॉल नाही. पण चिठ्ठीविना काय चालेल याची वेगळी यादी अनेक दशकं नव्हतीच. त्यामुळे काउंटरवर सगळं एकाच रांगेत.

त्यात मिश्रणांची, म्हणजे एकाच गोळीत एकाहून जास्त औषधं असलेल्या गोळ्यांची भर. मार्च 2016 मध्ये केंद्राने 344 मिश्रणांवर बंदी घातली, ती कोर्टात अडकली आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणं नव्याने बंद झाली. ऑगस्ट 2024 च्या 156 च्या यादीत ॲसिक्लोफिनॅक 50 मिग्रॅ + पॅरासिटामॉल 125 मिग्रॅ होतं. नेहमी मिळणारं 100 + 325 त्यात नव्हतं. बातमीत नाव येतं, मात्रा येत नाही, मग गोंधळ होणारच.

खरी गफलत बेरजेत होते. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325. वर ‘तापाची’ म्हणून डोलो 650, म्हणजे पॅरासिटामॉलच 650, सर्दीच्या काही गोळ्यांत आणखी 500. एका वेळचं पॅरासिटामॉल झालं 1475, तीन वेळा घेतलं तर 4425 मिग्रॅ. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000; किरकोळ अंगाच्याची किंवा रोज दारू पिणाऱ्याची त्याहून कमी. इजा लिव्हरला होते, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. आयबुप्रोफेनचं वेगळंच: उपाशीपोटी, श्रावणातल्या उपवासात घेतलं की जठराला त्रास, अल्सरचाही धोका, जुलाबाने पाणी कमी झालेलं असताना घेतलं की किडनीवर ताण.

‘पाळीची गोळी’ म्हणजे बहुतेकदा मेफेनॅमिक ॲसिड, पोटातल्या कळा थांबवणाऱ्या डायसायक्लोमिनसोबत. नोव्हेंबर 2023 मध्ये मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सरकारी इशारा निघाला: दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जी, अंगावर पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी. औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी ती दिसते, म्हणून गोळीशी कुणी संबंधच लावत नाही.

पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो.