गरम मशीनवरचे वायरचे जोड

गरम मशीनसाठी वायरचे जोड आम्ही करून देतो. भोसरी-चाकण पट्ट्यातले आमचे बरेच ग्राहक पावडर कोटिंगवाले, काही हीट ट्रीटमेंटवाले. तक्रार बहुधा एकच: हीटर ठणठणीत, कंट्रोलर ठणठणीत, तरी ओव्हन मध्येच बंद पडतो. अशा वेळी आधी जोड बघा.

पावडर कोटिंगचा ओव्हन साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला चालतो. नेहमीचं ६३/३७ कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांनाच वितळतं. बिनशिशाचं २१७ च्या आसपास वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. शिवाय तांबं आणि कथील यांच्यामधला ठिसूळ थर उष्णतेने जाड होत जातो. ब्लोअरच्या थरथरीने तिथेच तडा जातो. म्हणून गरम भागात आम्ही सोल्डर वापरत नाही, क्रिंप करतो, म्हणजे वायरचं टोक लगमध्ये (टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्यात) घालून दाबून पक्कं करतो.

क्रिंप म्हणजे पक्कडीने लग चेपणं नव्हे. त्या मापाचा डाय (दाबायचा साचा) असलेलं रॅचेट टूलच हवं, पूर्ण दाब बसेपर्यंत न सुटणारं. चांगला क्रिंप आडवा कापून भिंगाखाली धरला, तर तारांची टोकं गोल दिसत नाहीत, एकमेकींवर दाबून कोनदार झालेली दिसतात. मध्ये फट नाही, म्हणजे हवा नाही, म्हणजे जोड आतून काळा पडत नाही. वायरच्या टोकाला आधी सोल्डर लावून मग क्रिंप करायची सवय मात्र सोडा. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि जोड ढिला होतो.

वायरच्या इन्सुलेशनची, म्हणजे आवरणाची, मर्यादाही बघावी लागते. साधी पीव्हीसी ७० अंशांपर्यंत, सिलिकॉन १८०, टेफ्लॉन २६०. त्यापुढे ग्लास फायबर. तारेवरचा मुलामा कथलाचा असेल तर १५०, चांदीचा २००, निकेलचा २६०. महागडी टेफ्लॉन वायर घेऊन तिला कथील चढवलेला साधा लग लावलेला आम्ही नेहमी बघतो. पैसे पाण्यात!

थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारांच्या जोडीचं, गणित वेगळं. के टाइपच्या (थर्मोकपलचा एक प्रकार) वायरला मध्येच तांब्याची वायर जोडली, तर जोडापाशी कंट्रोलरपेक्षा जितकं जास्त तापमान, साधारण तितकं रीडिंग कमी येतं. तिथे के टाइपचीच वायर आणि कनेक्टर घ्या.

जमत असेल तर जोड भट्टीच्या भिंतीबाहेर काढा. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि त्यात आमचा धंदा कमी होतो.

ऑर्डर देताना जोडापाशी मोजलेलं तापमान सांगा, कंट्रोलरवर सेट केलेलं नको. जळलेला लग वायरच्या तुकड्यासकट आणा. इन्सुलेशन फक्त लगजवळ जळलंय की सगळीकडे, यावरून जोड ढिला होता की वायरच चुकीची निवडली होती, याचा अंदाज येतो.